स्कॅनची चिठ्ठी आणि शिकवणारे पत्रक

एटापल्ली, अहेरी किंवा सिरोंच्यातल्या एखाद्या डॉक्टरने चिठ्ठीवर 'एमआरआय' असा एक शब्द लिहिला की रुग्णाच्या घरी हिशेब सुरू होतो. तपासणीचे किती, गाडीभाड्याचे किती, सोबत कोण जाणार, किती दिवसांची रोजी बुडणार. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. रेल्वे म्हणाल तर जिल्ह्यात एकट्या वडसा-देसाईगंजला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तेंदूपत्त्याच्या हंगामात हाती आलेले पैसे अशा एका चिठ्ठीत संपू शकतात. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : ही तपासणी याच केंद्रात का?

तो प्रश्न रुग्णाला पडत नाही, कारण केंद्र त्याने निवडलेलेच नसते. ते डॉक्टरने निवडलेले असते. किराणा दुकानाचा ग्राहक दुकानात येणारा माणूस असतो. स्कॅन केंद्राचा खरा ग्राहक मात्र चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर असतो. म्हणूनच सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय केंद्रांचा सगळा प्रचार डॉक्टरांच्या दिशेने चालतो. एमआरआयचे यंत्र कोट्यवधींचे असते, बँकेचा हप्ता दरमहा येतो आणि रुग्ण येवोत न येवोत, यंत्र थंड ठेवण्याचा व विजेचा खर्च थांबत नाही. दिवसाला ठरावीक स्कॅन झालेच पाहिजेत, असे गणित त्यातून तयार होते. हे गणित सोडवण्याचे मार्ग दोन. एक जुना, पाकिटाचा. दुसरा अलीकडे वाढलेला, माहितीपत्रके, मार्गदर्शिका, व्याख्याने आणि व्हॉट्सॲपवरच्या 'केस'चा. पहिल्याला सगळेच नावे ठेवतात. दुसऱ्याकडे मात्र नीट पाहिले जात नाही.

पाकिटाचा मार्ग

'कट प्रॅक्टिस' हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना त्यांनी पाठवलेल्या एका रुग्णाच्या एमआरआयनंतर निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला होता. त्यांनी तो खिशात न घालता तक्रार वैद्यक परिषदेपर्यंत नेली. पुण्याच्या 'साथी' संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे लिहिले, त्यातही हाच धागा वारंवार येतो : प्रामाणिकपणे नवा दवाखाना टाकणाऱ्याला कट दिल्याशिवाय रुग्ण मिळणे अवघड.

ही टक्केवारी किती असते, याचा अंदाज २०१७ च्या अखेरीस आला. बेंगळुरूतील काही निदान केंद्रे व वंध्यत्व उपचार केंद्रांवर प्राप्तिकर विभागाने छापे घातले. एमआरआयसाठी डॉक्टरांना साधारण ३५ टक्के आणि सीटी स्कॅन व प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी २० टक्के दिले जात असल्याचे विभागाने तेव्हा सांगितले. हिशेबाच्या वहीत या रकमा 'विपणन खर्च' म्हणून दाखवल्या होत्या. म्हणजे स्कॅनला रुग्ण जे पैसे मोजतो, त्यातला तिसरा हिस्सा ना यंत्राचा, ना रिपोर्ट लिहिणाऱ्याचा. तो चिठ्ठीचा भाव.

नियम याबाबत मोघम नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात भेट, कमिशन किंवा बक्षिसी देणे, मागणे आणि घेणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. निदानासाठी पाठवण्यालाही ते कलम तितक्याच कठोरपणे लागू असल्याचे तिथे वेगळे लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी नियमावली काढली. तिच्यावर इतका गदारोळ झाला की तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली आणि २००२ ची संहिताच पुन्हा लागू झाली.

अडचण वेगळीच आहे. ही संहिता नोंदणीकृत डॉक्टरला बांधते. केंद्राची मालक एखादी कंपनी असेल तर देणारा हात परिषदेच्या कक्षेबाहेर राहतो. हीच फट बुजवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा ठरवणारा मसुदा तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदाही महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा नर्सिंग होम कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयांसाठी आहे. क्ष-किरण आणि सीटी यंत्राच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळ लक्ष ठेवते, सोनोग्राफीवर गर्भलिंगनिदानविरोधी कायदा. पण केंद्राच्या व्यवहारावर लक्ष ठेवणारे कोणी नाही.

मग शिकवण्याचा मार्ग चांगला?

पाकिटापेक्षा पत्रक बरे, यात वाद नाही. डॉक्टरांना शिकत राहण्याची गरजही खरी आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. मुंबई-पुण्यात त्यासाठी दर आठवड्याला काही ना काही असते. कोरची किंवा जिवतीत दवाखाना चालवणाऱ्याला एका व्याख्यानासाठी ओपीडी बंद ठेवून दिवसभराचा प्रवास करावा लागतो. अशा वेळी एखाद्या केंद्रातील रेडिओलॉजिस्टने तालुक्याला येऊन दोन तास बोलणे, 'कोणत्या लक्षणाला कोणती तपासणी' असा तक्ता देणे, फोनवर शंका सोडवणे ही मोठी सोय आहे.

पण पत्रक छापणाऱ्याचे उत्पन्न स्कॅनच्या संख्येवर अवलंबून असते. त्यामुळे 'ही तपासणी केव्हा करावी' हे पानभर आणि 'केव्हा करू नये' हे कुठेच नाही, असे सहज होऊ शकते. त्यात खोटे एक अक्षरही नसते. फक्त अर्धे सत्य असते. आणि अर्धे सत्य शिकलेला डॉक्टर मनापासून, एक पैसाही न घेता, नको त्या तपासण्या लिहू लागतो. पाकीट घेणाऱ्याला निदान आपण काय करतो आहोत ते ठाऊक असते. पत्रकाने बदललेल्याला ते कळतही नाही.

शिकवण्याने डॉक्टरांची चिठ्ठी खरेच बदलते का, हे मोजून पाहिलेले आहे. १९८३ मध्ये हार्वर्डच्या जेरी अव्हॉर्न आणि स्टीफन सुमेराय यांनी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचीच पद्धत उलटी वापरली. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन, समोर बसून, पण कंपनीच्या नव्हे तर विद्यापीठाच्या वतीने, काही औषधांचा अनावश्यक वापर का टाळावा ते सांगितले. अशा भेटी झालेल्या डॉक्टरांनी ती औषधे लिहिण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी केले. ज्यांना नुसती छापील पत्रके टपालाने गेली, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही.

रेडिओलॉजीतले उदाहरण याहून बोलके आहे. ब्रिटनमध्ये काही रुग्णालयांनी कंबर व गुडघ्याच्या एक्स-रे रिपोर्टसोबतच, कोणत्या रुग्णाला हा एक्स-रे उपयोगाचा नसतो ते सांगणारी एक-दोन ओळींची सूचना डॉक्टरांना पाठवली. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार अशा एक्स-रेची मागणी सुमारे २० टक्क्यांनी घटली. शिकवणारे पत्रक काम करते ते असे, योग्य ठिकाणी, योग्य वेळी. फक्त ते तपासण्या कमी करण्यासाठी लिहिले जाते की वाढवण्यासाठी, हा प्रश्न उरतो. ब्रिटनच्या त्या रुग्णालयांना एक्स-रे घटल्याने तोटा होणार नव्हता. आपल्याकडच्या खासगी केंद्राला होतो.

कंबरदुखी : न लिहिण्याची चिठ्ठी

चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाचा कस लागतो तो कंबरदुखीत. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसेंदिवस चिखलात कंबरेत वाकून असतात. मोहफुले वेचणे, सरपणाचे भारे वाहणे, तेही वाकूनच. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च'ने कंबरदुखी ही या भागातील मोठी तक्रार मानून मणक्याच्या तज्ज्ञांच्या मदतीने शोधग्राममध्ये तिच्यावर काम केले आहे.

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप किंवा व्यायामाने कमी होते. पायातील ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, मोठी इजा अशी धोक्याची लक्षणे नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची गरज नसते, असे जगभरातील मार्गदर्शिका सांगतात. आधीच करून टाकला तर बिघडते काय? बिघडते ते असे. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्याची गादी झिजलेली दिसली. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के. गादी 'फुगलेली' दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के होते. म्हणजे चाळिशीच्या बाईच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' हा शब्द येणे हे केस पिकण्यासारखे आहे. पण तो शब्द वाचून ती घाबरते, वाकायचे सोडते, आणि कधी नागपूरला शस्त्रक्रियेच्या सल्ल्यापर्यंत जाऊन पोहोचते.

केंद्राच्या कंबरदुखीवरील पत्रकात हे आकडे आहेत का, हे पाहिले की ते पत्रक शिकवणारे आहे की विकणारे, ते तिथेच कळते.

पक्षाघात : उशीर न करण्याची चिठ्ठी

उलट बाजूही तितकीच खरी आहे. काही ठिकाणी तपासण्या जास्त होतात तशा काही ठिकाणी होतच नाहीत, आणि तिथे माणसे मरतात. 'सर्च'च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांमधील मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे एक.

पक्षाघात दोन प्रकारचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जीव आणि हातपाय वाचवते, तर दुसऱ्यात तेच घातक ठरते. दोन्हींतला फरक साध्या सीटी स्कॅनने काही मिनिटांत कळतो आणि इंजेक्शनची मुदत असते साडेचार तासांची. एटापल्लीहून निघालेल्या गाडीला ती मुदत गाठणे किती अवघड आहे, हे तिथल्या रस्त्यांवरून गेलेल्यांना सांगायला नको.

इथे डॉक्टरांसाठी खरे उपयोगी पत्रक एका पानाचे असेल. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले की लक्षणे सुरू झाल्याची वेळ नेमकी लिहा. रुग्ण धडधाकट असा शेवटचा केव्हा दिसला होता ते विचारा. रक्तातील साखर तपासा. सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला नुसत्या स्कॅन केंद्रात नव्हे, तर जिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही मिळते अशा रुग्णालयात सरळ पाठवा, आधी फोन करून. हे शेवटचे वाक्य छापणे म्हणजे केंद्राने स्वतःचाच एक रुग्ण सोडणे. ते छापणारे केंद्र डॉक्टरांच्या विश्वासाला पात्र आहे, असे म्हणायला हरकत नाही.

सिकलसेल : माहितीच नसलेली चिठ्ठी

तिसरा प्रकार आहे अज्ञानाचा. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले, रक्ततपासण्या वाढल्या. पण निदानानंतर पुढे काय, हे तालुक्यातील डॉक्टरपर्यंत पोहोचलेलेच असते असे नाही.

सिकलसेलच्या एखाद्या तरुणाच्या जांघेत दुखू लागते, तो लंगडतो. एक्स-रे काढला जातो, तो चांगला येतो आणि वेदनाशामक देऊन त्याला घरी पाठवले जाते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कुजू लागले असेल तर सुरुवातीच्या काळात एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. एक्स-रेत दिसेपर्यंत सांधा खचण्याची वेळ आलेली असते. इथे एमआरआयची चिठ्ठी गरजेची आहे आणि तीच लिहिली जात नाही.

लहान मुलांबाबत तर उपाय आणखी स्वस्त आहे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या कवटीबाहेरून डॉप्लर सोनोग्राफीने मेंदूतील रक्ताचा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो, आणि नियमित रक्त देऊन तो टाळता येतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले आहे. २ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ही तपासणी दरवर्षी सुचवली जाते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. यासाठी प्रशिक्षण देणारे, डॉक्टरांना याची आठवण करून देणारे केंद्र स्वतःचा धंदाही वाढवेल आणि मुलेही वाचवेल. प्रचार आणि सेवा एकाच वाटेने जाऊ शकतात, त्याचे हे उदाहरण.

पत्रक ओळखायचे कसे?

डॉक्टरांच्या टेबलावर आलेल्या कोणत्याही पत्रकाला काही साधे प्रश्न विचारता येतात. तपासणी कोणाला करू नये, हे त्यात लिहिले आहे का? स्वस्त किंवा बिनकिरणांचा पर्याय सांगितला आहे का? पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून सरासरी माणसाला तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. लहान मुलाला पोटदुखीसाठी सीटी लिहिण्याआधी आठवावा असा हा आकडा आहे. माहितीचा आधार दिला आहे का? ब्रिटनच्या रेडिओलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने १९८९ पासून आणि अमेरिकेतील संस्थेने १९९३ पासून कोणत्या लक्षणाला कोणती तपासणी याची मार्गदर्शिका चालवली आहे. चांगले पत्रक अशा कशावर तरी उभे असते, केवळ 'आमच्याकडे नवे यंत्र आले' यावर नव्हे.

आणखी एक प्रश्न : सरकारी सोयीचा उल्लेख आहे का? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या आहेत. जी तपासणी तिथे वेळेत होऊ शकते, तिच्यासाठी घरातला पैसा खर्च करायला लावणे हे रुग्णाचे नुकसान आहे, मग त्यात कमिशन असो वा नसो.

सोनोग्राफीच्या पत्रकाला कायद्याची वेगळी लक्ष्मणरेषा आहे. गर्भलिंगनिदानाचा कसलाही सूचक उल्लेख असलेल्या जाहिरातीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मग ती छापील असो की मोबाइलवरची. पण गर्भातील व्यंगे शोधणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी, हे आशाताईपर्यंत आणि तालुक्यातील डॉक्टरपर्यंत पोहोचवणे हे उलट कर्तव्यच. दुर्गम गावातील बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफीला येते तेव्हा बरेच पर्याय संपलेले असतात.

कोणी शिकवावे?

केंद्रांनी शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. सीटीसमोर रोज बसणाऱ्या रेडिओलॉजिस्टला जे दिसते ते इतर कोणाला दिसत नाही. चिठ्ठीवर नुसते 'सीटी ब्रेन' लिहून आले की रिपोर्ट लिहिणारा चाचपडतो. वय, लक्षण, केव्हापासून, आधीचे आजार एवढे चार शब्द असले तर तोच रिपोर्ट दुप्पट उपयोगाचा होतो. ही साधी गोष्ट केंद्रांशिवाय कोण सांगणार? पण शिकवण्याची सूत्रे एकट्या विक्रेत्याच्या हाती असू नयेत. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता ते सुरू झाले आहे. या दोन महाविद्यालयांच्या क्ष-किरण विभागांनी आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटनांनी मिळून या भागाच्या आजारांसाठी, म्हणजे कंबरदुखी, पक्षाघात, सिकलसेल, खाणी आणि सिमेंट कारखान्यांतील कामगारांच्या फुप्फुसांसाठी, मराठीत एक छोटी मार्गदर्शिका काढली तर कोणत्याही केंद्राच्या पत्रकाला मोजायला एक फूटपट्टी मिळेल. खासगी केंद्रांनी त्यात भर घालावी, नावेही छापावीत. मजकूर मात्र त्यांच्या ताब्यात नसावा.

रुग्णापुरते बोलायचे तर त्याच्या हाती तीन प्रश्न आहेत, आणि ते विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. 'डॉक्टरसाहेब, या तपासणीतून जे निघेल त्याने माझे औषध बदलणार आहे का? थोडे थांबून पाहिले तर चालेल का? आणि हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल तर सिरोंच्याहून दोनशे किलोमीटर जायलाच हवे, रात्रीची गाडी पकडून. तसे नसेल तर ती चिठ्ठी घडी घालून ठेवता येते, आणि तेंदूपत्त्याचे पैसे पोरांच्या वह्या-पुस्तकांना उरतात.